पाहुण्या मुलांना गाव ‘दाखवायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांना मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी लागते, इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या शेवटी. त्यांच्यासाठी हा उन्हाळा. पण ही ‘उन्हाळ्याची सुट्टी’ घेऊन तिथली मराठी मुलं कोकणात आजोळी उतरतात तेव्हा इथे आंबे संपलेले असतात, फणसाचा वास उतरलेला असतो आणि बाहेर धो-धो पाऊस असतो. रत्नागिरीत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, तेवढा लंडनमध्ये अख्ख्या वर्षातही पडत नाही. आईबाबांच्या आठवणीतलं गाव मे महिन्यातलं असतं. मुलांच्या वाट्याला येतो तो जुलै.

मग घरात बैठक बसते. मुलांना काय काय दाखवायचं? मामा गाडी काढणार. गणपतीपुळे झालं, पावस झालं, थिबा राजवाडा, टिळकांचं घर. मालवणला न्यावं तर पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. दोन दिवस गाडीच्या काचेतून कोकण बघून झालं की तिसऱ्या दिवशी पोरं पडवीत मोबाइल घेऊन बसतात, आणि मोठी माणसं निष्कर्ष काढून मोकळी होतात, ‘यांना गावाची आवडच नाही!’

हा निष्कर्ष घाईचा आहे असं मला वाटतं. माझ्या पीएचडीचा विषय आहे मुलांचं शाळेबाहेरचं शिकणं, आणि ‘दाखवणं’ या साध्या वाटणाऱ्या क्रियेवर आमच्या क्षेत्रात बरंच काम झालंय. त्यातले चार अभ्यास आज सांगते. एकही कोकणात झालेला नाही, आणि ज्यांच्यावर ते झाले त्यांची वयंही वेगवेगळी आहेत. तरीही चारही एकत्र ठेवून पाहिले, तर पाहुण्या मुलांचं आपल्याकडे काय होतं ते बऱ्यापैकी उलगडतं.

आणि हे उलगडायला हवं, कारण हे पंधरा दिवस दोन-तीन वर्षांतून एकदा येतात. आजी ऐंशीला टेकलेली असते. आज नऊ वर्षांचं असलेलं मूल पुढच्या खेपेला बारा वर्षांचं असेल, त्याच्या पुढच्या खेपेला कदाचित येणारच नाही.

चार करामतींचं खेळणं

2011 साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं चार-पाच वर्षांची. समोर एक मुद्दाम बनवलेलं, नळ्यानळ्यांचं खेळणं. त्यात चार करामती दडवलेल्या होत्या. एक नळी ओढली की ‘चूं’ आवाज, एका ठिकाणी दिवा लागणार, एका ठिकाणी सूर वाजणार आणि एका नळीत आत डोकावलं तर आरसा, त्यात आपलाच चेहरा.

काही मुलांना बाईंनी सांगितलं, ‘हे माझं खेळणं. कसं चालतं ते तुला दाखवते, बघ हं,’ आणि नळी ओढून आवाज काढून दाखवला. दुसऱ्या काही मुलांसमोर बाईंनी असं भासवलं की हे खेळणं त्यांना आत्ताच सापडलंय, आणि चुकून हात लागल्यासारखा तोच आवाज काढला. मग खेळणं मुलांच्या हातात दिलं.

ज्यांना ‘शिकवलं’ होतं, ती मुलं तोच आवाज काढत बसली. त्यांनी खेळण्याशी कमी वेळ झटापट केली आणि बाकीच्या करामती कमी शोधल्या. ज्यांच्यासमोर ‘चुकून’ आवाज निघाला होता, त्यांनी खेळणं उलटसुलट करून जास्त गोष्टी शोधून काढल्या.

पहिल्या गटातली मुलं मठ्ठ होती का? मुळीच नाही. उलट त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. समोरच्या मोठ्या माणसाला खेळण्याची सगळी माहिती आहे. तिने दाखवायचं ठरवून एकच गोष्ट दाखवली. म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार! असतं तर तिने दाखवलं नसतं का?

याच प्रयोगात आणखी एक गट होता. तिथेही बाईंनी शिकवायला सुरुवात केली, पण आवाज काढून दाखवताच काम आठवल्यासारखं करून त्या उठून गेल्या. ही मुलं शिकवलेल्या मुलांपेक्षा जास्त शोधत राहिली. सांगणं अर्धवट राहिलंय म्हणजे अजून काहीतरी असणार, हे त्यांनी ओळखलं.

आता आपल्या मामाच्या गाडीकडे या. आपण मुलांना उतरवतो आणि सांगतो, ‘हे बघा भाताचं शेत. इथे तांदूळ होतो.’ झालं. मूल एक नजर टाकतं, मान डोलावतं आणि गाडीत जाऊन बसतं. तुम्ही जाणकार, तुम्ही दाखवलं, दाखवण्यासारखं एवढंच होतं. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

आणि शेतात तर केवढं असतं! बांधाच्या कडेला खेकड्यांची बिळं असतात. एका कोपऱ्यात तरवा पोपटी दिसतो आणि शेजारच्याच लावलेल्या शेतात तीच रोपं पिवळट पडून मान टाकून उभी असतात. का बरं? उपटताना मुळं दुखावलेली असतात, ती नव्या चिखलात धरेपर्यंत काही दिवस जातात. हे उत्तर आपण आधीच सांगून टाकलं तर तो रंगातला फरक मुलाने कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या आधी ‘ही रोपं अशी का दिसतायत कुणास ठाऊक’ एवढं पुटपुटून पुढे चालू लागा. मूल तिथे थांबतं की नाही बघा.

बोट कुणी दाखवायचं?

दुसरा अभ्यास जुना आहे, 1986 चा. मायकल टोमासेलो आणि मायकल फरार यांचा. यातली मुलं अगदी तान्ही म्हणावीत अशी, सतरा महिन्यांच्या आसपासची. त्यांना नवे शब्द दोन प्रकारे ऐकवले गेले. एकदा, मूल ज्या वस्तूकडे आपणहून बघत होतं तिचंच नाव सांगितलं. एकदा, मुलाचं लक्ष दुसरीकडून ओढून वस्तूकडे वळवलं आणि मग नाव सांगितलं. पहिल्या प्रकारचे शब्द मुलांना चांगले समजले.

दहा वर्षांचं मूल म्हणजे दीड वर्षांचं बाळ नव्हे, हे कबूल. पण परदेशात वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांची मराठीशी असलेली ओळख अर्धी असते. आईचं बोलणं सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. अशा मुलाला आपण ‘हे बघ देऊळ, हा बघ दीपस्तंभ, ही बघ दीपमाळ’ करत ओढत नेतो, आणि ते मात्र देवळाच्या पायरीवर चाललेल्या लाल पैशाकडे बघत असतं. तुम्हाला पैसा माहीतच असेल. बोट लावलं की चकलीसारखा गुंडाळून घेणारा, पावसाळ्यात जिकडेतिकडे दिसणारा किडा. त्या क्षणी मुलाच्या डोक्यात ‘दीपमाळ’ हा शब्द शिरणार नाही. ‘पैसा’ मात्र लगेच शिरेल, आणि पैसा म्हणजे नाणं आणि पैसा म्हणजे हा किडा, ही गंमत ते परत जाऊन मित्रांनाही सांगेल.

म्हणजे बोट मुलाने दाखवायचं, नाव आपण सांगायचं. क्रम एवढाच उलटा करायचा आहे.

याला सगळ्यात सोपी जागा म्हणजे घराशेजारचा गडगा. जांभ्या दगडांचा, पावसात हिरवागार झालेला. त्यावर शेवाळ असतं, नेचे असतात, गोगलगायी असतात, फटींत बेडूक असतात. गणपतीपुळ्याला जायला दीड तास लागतो, गडग्यापाशी जायला अर्धा मिनिट. फटीत हात मात्र घालायचा नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

शेजारी उभा असलेला मामेभाऊ

आता या सगळ्यात एक मूल आपण विसरतोच. गावातलं मूल.

परदेशातून आलेल्या आतेबहिणीच्या वयाचाच मामेभाऊ घरात असतो. पाखाडीवरचा कुठला दगड निसरडा, कुठल्या पऱ्यात कुर्ल्या मिळतात, पहिल्या जोरदार पावसात चढणीचे मासे कुठून वर येतात, हे सगळं त्याला माहीत असतं. पण पाहुणे आले की तो खांबाआड जातो. कारण पाहुणी इंग्रजी बोलते. मोठी माणसंही तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागतात. एवढंच नाही, तर त्याला सांगतात, ‘बोल की रे तिच्याशी इंग्लिशमध्ये! शाळेत शिकतोस ना?’ म्हणजे आपल्याच अंगणात, जिथे तो सगळ्यात जाणकार, तिथे त्याची परीक्षा सुरू होते आणि तीही त्याला न येणाऱ्या विषयात. गाव दाखवण्याच्या नादात आपण त्या पोराला काय दाखवतो, याचाही विचार करायला हवा.

इथे तिसरा अभ्यास कामाला येतो. मारिसेला कोर्रेआ-चावेझ आणि बार्बरा रोगॉफ यांनी 2009 साली तो प्रसिद्ध केला. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातली माया समाजाची मुलं आणि अमेरिकेतली युरोपीय वंशाची मुलं त्यात होती. दोन भावंडांना एकत्र बसवायचं. एकाला खेळणं कसं बनवायचं ते शिकवायचं, दुसऱ्याला म्हणायचं, ‘तुझी पाळी नंतर, तुला वेगळं खेळणं आहे.’ संशोधकांचं लक्ष होतं या दुसऱ्या मुलावर. वाट बघताना ते काय करतं?

ज्या माया घरांत आईचं शालेय शिक्षण कमी होतं आणि मुलं मोठ्यांच्या कामात वावरत वाढत होती, तिथली मुलं भावंडाचं काम टक लावून बघत राहिली. अमेरिकेतली मुलं त्या मानाने जास्त वेळ इकडेतिकडे बघत होती किंवा चुळबुळ करत होती. आठवड्याने सगळ्यांना अचानक तेच, आधी भावंडाला शिकवलेलं खेळणं बनवायला दिलं. ज्यांनी बघून ठेवलं होतं त्यांना कमी मदत लागली.

यातून ‘आपली मुलं हुशार, त्यांची आळशी’ असा अर्थ काढू नका. शाळेची जास्त सवय असलेल्या माया घरांतली मुलं या दोन गटांच्या मधोमध होती. म्हणजे फरक रक्तातला नाही, सवयीचा आहे. ‘तुला सांगतील तेव्हा बघ’ अशी एक सवय, आणि ‘इथे जे चाललंय ते उद्या तुलाही करायचंय, म्हणून बघून ठेव’ अशी दुसरी. दुसऱ्या सवयीसाठी एक अट लागते. त्या कामात मुलाला खरोखर हात घालता आला पाहिजे.

जुलैतल्या कोकणात असं काम शोधावं लागत नाही. घरच्या किंवा शेजारच्या शेतात लावणी सुरू असते. तरव्याच्या मुठी बांधून ठेवलेल्या असतात. एका चुडात दोन-तीन रोपं धरायची, चिखलात बोटांनी दाबायची, एक पाऊल मागे सरकायचं. हे बघून पाच मिनिटांत जमतं, नीट जमायला मात्र अख्खा हंगाम लागतो. मुलांना शिकवायला मोठ्या माणसाने उभं राहू नये. मामेभावाला त्याच्या नेहमीच्या ओळीला लागू दे, पाहुणीला त्याच्या शेजारी सोडा. त्याला इंग्रजी बोलावं लागत नाही, तिला मराठी बोलावं लागत नाही. दहा मिनिटांनी ‘ए, वाकडं लागलंय’ आणि ‘हाऊ?’ अशी बोलाचाली आपोआप सुरू होते. आणि लावणी म्हणजे रांगोळी नाही. वाकडी लागलेली रोपं आजोबा मागाहून सरळ करत असतील तर ते मुलांच्या देखतच करावं. काम खरं असेल तर त्यात दुरुस्तीही होणारच. फक्त फोटोपुरतं चिखलात उतरवलं तर मुलांना ते लगेच कळतं.

शेती नसलेलं घर असेल तर टाकळ्याची किंवा कुर्डूची भाजी खुडायला, निवडायला पाठवा. ताटात येणाऱ्या भाजीचं काम आहे म्हटल्यावर ते खरंच असतं.

फोटो काढू नये का?

काढावेत, पण थोडं थांबून. 2014 साली लिंडा हेंकेल यांनी एका कलासंग्रहालयात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या, त्यांचे बारकावेही कमी. जणू ‘कॅमेऱ्याने ठेवलंय ना लक्षात’ म्हणून डोक्याने काम सोडून दिलं. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांच्या स्मरणशक्तीला हा फटका बसला नाही. झूम करायचं तर आधी कुठे करायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवायला बघावं लागतं.

सड्यावर हे करून बघा. ऑगस्टच्या सुमारास कातळावर सीतेची आसवं फुलायला लागतात. निळी-जांभळी, बोटाच्या पेराएवढी फुलं. दुरून काढलेल्या फोटोत नुसता जांभळा गालिचा दिसतो. मुलांना म्हणा, एकाच फुलाचा फोटो, तोही गुडघ्यावर बसून. ही वनस्पती किडेखाऊ आहे. मुळांच्या जागी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये ती पाण्यातले बारीक जीव ओढून घेते. अर्थात हे लगेच सांगू नका! ‘हे झाड मांसाहारी आहे म्हणतात. तोंड कुठे असेल गं याचं?’ एवढं विचारा. बहुतेक वेळा मामेभावालाही ते ठाऊक नसतं. दोघंही एकाच पातळीवर शोधायला लागतात. गुडघ्यावर बसताना फुलं चिरडू नयेत, उपटून तर अजिबात पाहू नये, एवढं मात्र आधी सांगायचं.

जे सरळ शिकवायचं ते

आता खेळण्याच्या प्रयोगाची दुसरी बाजू. शिकवल्याने शोधणं कमी होतं, हे काही ठिकाणी आपल्याला हवंच असतं. जिथे मुलाने प्रयोग करून बघू नये असंच वाटतं, तिथे ‘हे असं आहे, एवढंच आहे’ म्हणून ठामपणे, तोंडावर सांगायचं. माझी यादी छोटी आहे.

दगडाखाली, फटीत, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. कोकणात फुरसं असतं, लहान, मातकट, चटकन न दिसणारं. अंधारात बॅटरीशिवाय अंगणातही उतरायचं नाही.

पायाला जखम, खरचटणं असेल तर त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात गेलेले लेप्टोचे जंतू अशाच जखमेतून अंगात शिरतात. शेतातून आल्यावर हातपाय साबणाने धुवायचे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर, मग ते लंडनमध्ये असोत नाही तर शिकागोत, डॉक्टरांना ‘भातशेतीच्या चिखलात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगायचं.

पऱ्याचं पाणी वर डोंगरात पाऊस झाला की बघता बघता वाढतं. मोठं माणूस सोबत नसेल तर पऱ्यात पाय टाकायचा नाही. आणि पावसाळ्यात समुद्र फक्त लांबून बघायचा.

हे चार नियम पहिल्याच संध्याकाळी, मामेभावाच्या तोंडून वदवून घ्या. त्याला ते पाठ असतात, आणि त्याने सांगितले की पाहुण्यांना ते मोठ्यांचा बाऊ वाटत नाहीत. इंग्रजी अडलं तर हातवारे करेल. फुरशाची नक्कल तर तो तुमच्यापेक्षा नक्कीच चांगली करेल.

मग पंधरा दिवसांचं काय करायचं?

गणपतीपुळ्याला जरूर जा. आजीला देवदर्शन हवं असतं, तेही महत्त्वाचं. पण बाकीच्या दिवसांची यादी करण्याआधी पहिले दोन दिवस मोकळे ठेवा. मुलं कुठे थांबतात, कशाकडे वळून बघतात, काय विचारतात, एवढंच बघत राहा. एक पैसा, एक गडगा, गोठ्यातलं वासरू, पागोळ्यांखाली धरलेला हात. तिसऱ्या दिवसापासून त्याच धाग्याने पुढे जा. रोज एखादं खरं काम त्यांच्या वाट्याला द्या, आणि ते गावातल्या मुलाच्या शेजारी द्या, त्याच्या जागी नको. एखादं उत्तर माहीत असूनही पोटात ठेवा.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी एक उलटी फेरी काढा. त्या दिवशी पाहुण्या मुलांनी आजीला गाव दाखवायचं. आजी पडवीतल्या खुर्चीपासून गडग्यापर्यंतच चालू शकत असेल, तर गडग्यापर्यंत. तिने तो गडगा साठ वर्षं रोज पाहिलाय. मुलं तिला काय दाखवतात ते ऐका, आणि मध्ये बोलू नका.